कार-टी पेशी आणि जोड-औषधे : आशा किती, पुरावा किती?

रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच टी-पेशी वापरणारा नेक्सकार-१९ हा उपचार मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारताच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ‘कार-टी’ हा शब्द आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून ओळखीचा झाला. त्या बातम्यांतून एक गोष्ट सहसा निसटते. या उपचाराने ज्यांच्या रोगाला उतार पडतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा रोग पुढे उलटतो आणि काहींना मुळात उतारच पडत नाही. म्हणून गेली दहाएक वर्षे संशोधकांचा मोठा वर्ग एका प्रश्नामागे लागला आहे : या पेशींना एखाद्या औषधाची जोड दिली तर?

कल्पना चांगली आहे आणि तिच्यावरचे शोधनिबंधही भरपूर आहेत. माझे काम प्रयोगशाळेतले, पेशींचे. रुग्ण तपासणे हा माझा प्रांत नव्हे. पण हे निबंध मी नेमाने वाचतो आणि वाचताना एक उणीव सतत खटकते. ती उणीव वरच्या दर्जाच्या जीवशास्त्राची नाही, शाळेतल्या विज्ञानाची आहे. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो हे दाखवताना आपण पानाच्या एका भागावर काळा कागद लावतो, बाकीचे पान उघडे ठेवतो. आयोडीन टाकल्यावर उघडा भाग निळा-काळा होतो. पण त्या रंगाला अर्थ येतो तो झाकलेल्या भागामुळे. तो नसता तर ‘पान निळे झाले’ एवढेच म्हणता आले असते, प्रकाशामुळे झाले असे नव्हे. जोड-औषधांच्या बहुतेक चाचण्यांत उघडे पान आहे, झाकलेले नाही. हे म्हणणे थोडे कडक वाटेल, म्हणून तपशिलात जाऊ.

पेशी घडते कशी, हरते कशी

टी-पेशी ही रक्तातली एक पांढरी पेशी. विषाणूने ग्रासलेल्या पेशी ओळखून मारणे हे तिचे एक काम. कर्करोगाची पेशी मुळात आपलीच असल्यामुळे तिला ओळखताना टी-पेशीची फसगत होते. इस्रायलमधील वाइझमान संस्थेतील झेलिग एशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रतिद्रव्याचा ‘ओळखणारा’ तुकडा टी-पेशीच्या ग्राहीला जोडून दाखवला. डोळे प्रतिद्रव्याचे आणि हात टी-पेशीचे, असा हा संकर. पुढे सुधारलेल्या रूपात त्याला ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’, म्हणजेच ‘कार’ हे नाव मिळाले.

आजची पद्धत अशी. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांच्यात कारचे जनुक घालतात, काही दिवस वाढवतात आणि शिरेतून रुग्णाला परत देतात. बी-पेशींच्या रक्तकर्करोगांत लक्ष्य असते सीडी-१९ हे त्या पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिन. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात बहुधा बीसीएमए हे दुसरे प्रथिन.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढच्या सगळ्या विवेचनाशी त्याचा संबंध आहे. गोळी घेतली की औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि मग ठरावीक वेगाने कमी होत जाते. कार-टी पेशींचे तसे नाही. शिकार दिसली की त्या स्वतः विभागून वाढतात. एकाच संख्येने दिलेल्या पेशी एका रुग्णात प्रचंड वाढतात, दुसऱ्यात जेमतेम तग धरतात. थोडक्यात, प्रत्येक रुग्णाला मिळणारे औषध वेगळेच असते. अशा ठिकाणी चार रुग्ण बरे झाले आणि चार झाले नाहीत यावरून कारण शोधणे फार निसरडे असते.

पेशी हरतात त्याची मुख्य कारणे तीन. एक, त्या शरीरात टिकत नाहीत. दोन, शिकार सतत समोर राहिल्याने त्या थकतात. जिवंत असतात पण मारत नाहीत. तीन, कर्करोगाची पेशी लक्ष्याचे प्रथिनच टाकून देते आणि अदृश्य होते. शिवाय यश मिळत असतानाच रुग्णाच्या जिवावर बेतावे असा एक प्रकार आहे : लाखो पेशी एकदम कामाला लागल्या की सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांचे वादळ उठते, तीव्र ताप येतो, रक्तदाब कोसळतो. या प्रत्येक अडचणीवर कोणते ना कोणते औषध सुचवले गेले आहे.

जुन्या दोन जोड्या

खरे तर औषधाची जोड ही नवी गोष्ट नाही. कार-टी पेशी देण्यापूर्वी रुग्णाला बहुधा फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन रसायने देतात. त्यांचा हेतू कर्करोग मारणे हा दुय्यम. मुख्य हेतू रुग्णाच्या जुन्या लसिकापेशी कमी करून नव्यांना जागा आणि वाढीची द्रव्ये मोकळी करून देणे. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रातील गटाने २०१६ मध्ये लिम्फोमाच्या ३२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. फ्लुडाराबिनशिवाय तयारी केलेल्यांत पूर्ण उताराचे प्रमाण ८ टक्के, फ्लुडाराबिनसह ५० टक्के. इथेही चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. तरी मला हा पुरावा पटतो. फरक मोठा आहे हे एक कारण. दुसरे जास्त महत्त्वाचे : फ्लुडाराबिनशिवाय काही रुग्णांच्या प्रतिकारशक्तीने कारमधील उंदराच्या प्रथिनाविरुद्धच मोहीम उघडली होती, ती मोजता आली आणि फ्लुडाराबिन दिल्यावर पेशी जास्त वाढल्या व जास्त टिकल्या हेही मोजता आले. कारण आणि परिणाम यांच्यामधली कडी हातात होती.

दुसरी जोडी टोसिलिझुमॅबची. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल-रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी दिल्या गेल्या. ल्युकेमियासाठी हा उपचार घेणारी ती पहिली बालरुग्ण. काही दिवसांत तिची प्रकृती अतिगंभीर झाली. रक्तात इंटरल्युकिन-६ हे सायटोकाइन भरमसाट वाढलेले दिसले. त्याचा ग्राही अडवणारे टोसिलिझुमॅब हे प्रतिद्रव्य लहान मुलांच्या संधिवातावर आधीपासून वापरात होते. ते दिले आणि मुलगी सावरली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली त्याच दिवशी टोसिलिझुमॅबलाही या कामासाठी मान्यता दिली. त्यामागे ४५ रुग्णांची मागे वळून गोळा केलेली माहिती होती. त्यांतील ६९ टक्के रुग्णांचे वादळ चौदा दिवसांच्या आत शमले होते.

टोसिलिझुमॅबच्याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. वादळ आल्यावर औषध उपयोगी पडते, तर ते आधीच का देऊ नये? तर्क बिनतोड वाटतो. झूमा-१ या चाचणीतील एका गटात तसे करून पाहिले. तीव्र वादळाचे प्रमाण घटले. पण मेंदूवरचे दुष्परिणाम, म्हणजे गोंधळलेपणा, झटके, बेशुद्धी, काही घटले नाहीत. ग्राही अडवला की इंटरल्युकिन-६ वापरले न जाता रक्तात साचते आणि हे प्रतिद्रव्य मेंदूत सहजी शिरत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. पण ते निकालानंतर सुचले, आधी नाही.

इब्रुटिनिबची गोष्ट

आता या विषयातील सर्वांत गाजलेल्या जोडीकडे वळू. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, यापुढे सीएलएल, हा बहुधा उतारवयात होणारा आणि सावकाश वाढणारा रक्तकर्करोग. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१० मध्ये कार-टी पेशी घेणारे पहिले रुग्ण याच रोगाचे होते आणि त्यांच्यापैकी दोघांच्या शरीरात दहा वर्षांनंतरही त्या पेशी सापडल्या. ही बातमी जगभर गेली. पण त्याच गटाने २०१५ मध्ये पहिल्या १४ रुग्णांचा हिशेब दिला तेव्हा पूर्ण उतार चौघांनाच मिळाला होता. सीएलएलच्या रुग्णांच्या टी-पेशी मुळातच दमलेल्या असतात. दमलेल्या शिपायांच्या हाती नवी बंदूक दिली तरी लढाईचे काय होणार?

इथे इब्रुटिनिब पुढे आले. ही रोज घ्यायची गोळी. कर्करोगी बी-पेशीतील बीटीके हे विकर ती बंद पाडते आणि हेच तिचे मूळ काम. पण टी-पेशीतील आयटीके हे त्याचे भावंडही ती अडवते. २०१६ मध्ये असे दिसले की काही महिने इब्रुटिनिब घेतलेल्या रुग्णांच्या टी-पेशी प्रयोगशाळेत अधिक चांगल्या वाढतात आणि उंदरांत कार-टी पेशींबरोबर ही गोळी दिली तर गाठी जास्त आटोक्यात राहतात. मग माणसांवरच्या चाचण्या आल्या. त्यांतील दोन शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. दोन्हींत योगायोगाने पेशी मिळालेले रुग्ण १९.

पहिली सिएटलची, २०२० साली प्रसिद्ध झालेली. रुग्ण असे, की ज्यांच्यावर इब्रुटिनिबचा इलाज संपला होता. आधी घेतलेल्या उपचारांची मध्यक संख्या पाच. त्यांना पेशींबरोबर इब्रुटिनिब चालू ठेवले. चार आठवड्यांनी ८३ टक्के रुग्णांत रोगाला उतार दिसला. ६१ टक्के रुग्णांच्या अस्थिमज्जेत अतिसूक्ष्म तपासणीतही रोग सापडला नाही. या स्वच्छ मज्जेच्या रुग्णांपैकी रोग न वाढता एक वर्ष काढण्याचे प्रमाण ५९ टक्के.

इथवर वाचून निबंध मिटला तर मन प्रसन्न होते. पण त्याच सारांशाच्या शेवटच्या ओळीत आणखी दोन आकडे आहेत. सगळे रुग्ण धरले तर रोग न वाढता एक वर्ष काढण्याचे प्रमाण इब्रुटिनिबसह ३८ टक्के आणि त्याच केंद्रात इब्रुटिनिबशिवाय पेशी घेतलेल्या रुग्णांत ५० टक्के. यावरून गोळीने नुकसान झाले असे समजू नये. एवढ्या थोड्या रुग्णांत हा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडू शकतो, आणि लेखकांचे गणितही तेच सांगते. पण गोळीने फायदा झाला असेही यातून निघत नाही. मग ५९ कुठून आले? एखाद्या शाळेने ‘आमच्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्यांपैकी इतक्यांना चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला’ असे सांगावे, तसे ते आहे. विधान खोटे नाही, पण नापास झालेल्यांना वगळल्यावर उरलेल्यांचे आहे. या संशोधकांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे छापले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवे. एक फायदा मात्र त्यांना दिसला : गोळी घेणाऱ्यांत सायटोकाइनचे वादळ सौम्य होते, पेशी तितक्याच वाढूनही. माझ्या मते इब्रुटिनिबची खरी बाजू कदाचित हीच असावी, आणि तिच्याकडे ‘परिणामकारकता वाढवणारी जोडी’ या घोषणेच्या गडबडीत पुरेसे लक्ष गेले नाही.

दुसरी चाचणी पेनसिल्व्हेनियाची, २०२२ सालची. निकाल फारच देखणे. बारा महिन्यांनी तपासलेल्यांपैकी ७२ टक्क्यांत रोगाचा मागमूस नाही. अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत रोग न वाढता राहण्याचा अंदाज ७० टक्के. सिएटलला एका वर्षात ३८ आणि इथे चार वर्षांत ७०. औषध तेच, रोग तोच, लक्ष्यही सीडी-१९. पेशींची बांधणी थोडी वेगळी होती हे खरे. पण मोठा फरक रुग्ण कोण होते यात आहे. पेनसिल्व्हेनियाच्या चाचणीत घेतलेले रुग्ण सहा महिने वा जास्त इब्रुटिनिब घेऊनही ज्यांना पूर्ण उतार मिळाला नव्हता, असे होते. पूर्ण उतार न मिळणे म्हणजे औषध निकामी होणे नव्हे! इब्रुटिनिबने सीएलएल समूळ जात नाही, पण अनेकांत तो वर्षानुवर्षे दबून राहतो. म्हणजे या ७० टक्क्यांत किती वाटा पेशींचा, किती जोडीचा आणि किती एकट्या गोळीचा, हे सांगायला कोणताही मार्ग उरलेला नाही. अतिसूक्ष्म तपासणीतही रोग न सापडणे ही गोष्ट एकट्या इब्रुटिनिबने क्वचितच साधते, तेव्हा पेशींनी काम केले हे मानायला हरकत नाही. मात्र मूळ प्रश्न तो नव्हता. पेशींना गोळीची जोड दिल्याने काही जास्त मिळते का, हा होता.

जोडीच्या बाजूने सर्वांत भक्कम म्हणून दाखवला जातो तो लिसो-सेल या कार-टी उपचाराच्या सीएलएल चाचणीचा आकडा. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत सीएलएलसाठी या उपचाराला मान्यता मिळाली ती ज्या चाचणीच्या आधारे, तिच्या मुख्य विश्लेषणातील रुग्णांत पूर्ण उतार होता १८ टक्के, म्हणजे ४९ पैकी ९. त्याच चाचणीतील इब्रुटिनिबच्या जोडीच्या गटात तो दुपटीहून जास्त आला. दुप्पट हा लहान फरक नव्हे आणि तो उडवून लावणे योग्य होणार नाही. पण ते ४९ जण इब्रुटिनिबच्या जातीची औषधे आणि व्हेनेटोक्लॅक्स हे दुसरे मोठे औषध, दोन्ही हरल्यावर आलेले होते. जोडीच्या गटात येण्याच्या अटी वेगळ्या होत्या. एका तुकडीतल्या मुलांना एका शिक्षकाने शिकवले, दुसऱ्या तुकडीला दुसऱ्याने. निकाल वेगळा लागला. पण तुकड्या पाडताना मागच्या वर्षीचे गुण पाहिले होते! शिक्षकाचे कौतुक करण्यापूर्वी आपण एवढे तर विचारतोच.

एकोणीस या संख्येविषयीही थोडे बोलू. वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने नाणे एकोणीस वेळा उडवून छापे मोजावेत. नाणे सर्वांचे सारखेच, म्हणजे ‘औषधाचा गुण’ ५० टक्के. तरी ५० विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरी तिघांना पाच किंवा कमी, नाहीतर चौदा किंवा जास्त छापे मिळतील. पाच म्हणजे २६ टक्के, चौदा म्हणजे ७४ टक्के. आता असे समजा की ज्याला चौदा छापे मिळाले त्यानेच निबंध लिहिला. बाकीच्यांनी वह्या मिटून ठेवल्या. वाचकाला कोणते नाणे दिसेल?

बाकीचे उमेदवार

पीडी-१ हा टी-पेशीवरचा एक ब्रेक. तो सोडवणारी प्रतिद्रव्ये इतर काही कर्करोगांत यशस्वी झाली आहेत, तेव्हा थकलेल्या कार-टी पेशींनाही ती जाग आणतील असे वाटणे स्वाभाविक होते. पेनसिल्व्हेनियाच्याच गटाने २०२२ मध्ये १२ रुग्णांची माहिती दिली : कार-टी पेशी हरल्यावर पेम्ब्रोलिझुमॅब दिले, तिघांत प्रतिसाद, त्यात पूर्ण उतार एकालाच. बारापैकी तीन म्हणजे २५ टक्के खरे, पण इतक्या कमी रुग्णांवरून खरे प्रमाण साधारण ५ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. झूमा-६ या चाचणीत अ‍ॅक्सी-सेल या कार-टी पेशींबरोबर अटेझोलिझुमॅब दिले. निकाल एकट्या अ‍ॅक्सी-सेलच्या २०१७ मधील निकालापेक्षा, म्हणजे पूर्ण उतार ५४ टक्के यापेक्षा, सरस दिसला नाही. ब्रेक सोडला तरी गाडी न पळण्याचे कारण इंजिनात असावे. दीर्घकाळ थकलेल्या टी-पेशीत जनुके उघडण्या-मिटण्याची मांडणीच बदलते आणि केवळ पीडी-१ अडवल्याने ती मूळपदावर येत नाही.

यातूनच एक उलटा विचार पुढे आला, आणि मला तो फार आवडतो. स्टॅनफर्डमधील क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने थकलेल्या कार-टी पेशींना उत्तेजन देण्याऐवजी विश्रांती दिली. डासाटिनिब हे दुसऱ्या एका ल्युकेमियावरचे जुने औषध टी-पेशीतील संदेश तात्पुरता थांबवते. काही दिवस तो थांबवल्यावर पेशींची जनुकीय मांडणी पुन्हा ताजी झाली, हे त्यांनी २०२१ मध्ये दाखवले. प्रयोग अतिशय नेटका आहे. पण तो प्रयोगशाळेत आणि उंदरांत आहे. हे उंदीरही खास : माणसाच्या पेशी त्यांच्यात टिकाव्यात म्हणून त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ काढून टाकलेली असते. ज्या शरीरात प्रतिकारसंस्थाच नाही तिथे प्रतिकारसंस्थेच्या औषधाची परीक्षा घेणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकण्यासारखे आहे. माणसात पेशी विश्रांती घेत असताना गाठ काही विश्रांती घेणार नाही, हाही प्रश्न आहेच.

या सगळ्यांत मला सर्वांत नीट आखलेली वाटली ती मायलोमावरची एक छोटी चाचणी, २०२३ सालची, पुन्हा फ्रेड हचिन्सन केंद्राचीच. मायलोमा पेशीवरचे बीसीएमए हे प्रथिन गॅमा-सिक्रिटेज हे विकर कापून टाकते. त्यामुळे लक्ष्य विरळ होते, शिवाय कापलेले तुकडे रक्तात तरंगून कार-टी पेशींना हुलकावणी देतात. हे विकर अडवणारे औषध कार-टी पेशींबरोबर द्यायचे होते. पण या मंडळींनी आधी औषध एकटेच दिले, पाच दिवसांत तीन मात्रा, आणि त्याच्या आधी व नंतर अस्थिमज्जा तपासली. पेशींवरील बीसीएमए मध्यक १२ पटीने वाढले होते. हे आहे झाकलेले पान! तोच रुग्ण, औषधापूर्वी आणि औषधानंतर. पेशींची भानगड मध्ये नाही. औषध जे करते म्हणतात ते माणसात खरोखर करते, एवढे पक्के झाले.

पुढचा प्रश्न मात्र तिथेही अनुत्तरित राहिला. १८ पैकी १६ जणांत प्रतिसाद मिळाला, आठांत पूर्ण उतार. उत्तम. पण सिल्टा-सेल या बीसीएमएवरच्याच दुसऱ्या कार-टी उपचाराने ९७ रुग्णांच्या चाचणीत असे कोणतेही औषध न देता ९७ टक्के प्रतिसाद मिळवला आहे. पेशी वेगळ्या, रुग्ण वेगळे, म्हणून ही तुलनाही कच्चीच. तेच तर म्हणायचे आहे.

चिठ्ठ्या टाकता येतात

यावर ठरलेले उत्तर असे : रुग्ण मृत्यूच्या दारात असतात, उपचार महाग, रुग्ण थोडे, अशा वेळी चिठ्ठ्या टाकून गट पाडणे व्यवहार्य नाही. पेशी एका कंपनीच्या आणि औषध दुसरीचे, ही अडचणही असतेच. हे उत्तर मला पुरते पटत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये लिम्फोमावरच्या दोन चाचण्या एकाच सुमारास प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना कार-टी पेशी आणि निम्म्यांना नेहमीचा उपचार दिला होता. झूमा-७ मध्ये ३५९ रुग्ण. रोग वाढणे वगैरे घटना घडेपर्यंतचा मध्यक काळ अ‍ॅक्सी-सेलने ८.३ महिने, नेहमीच्या उपचाराने २ महिने. बेलिंडा या चाचणीत ३२२ रुग्ण. टिसा-सेलने ३ महिने, नेहमीच्या उपचारानेही ३ महिने. टिसा-सेल तोवर लिम्फोमासाठी मान्यता मिळालेला उपचार होता, आणि ती मान्यता तुलनेचा गट नसलेल्या चाचणीवर मिळाली होती. बेलिंडात पेशी तयार होऊन रुग्णापर्यंत पोहोचायला जास्त दिवस लागले, मधल्या काळात अनेकांना रसायने द्यावी लागली, घटना मोजण्याची पद्धत वेगळी होती. कारणांवर अजून वाद आहे. पण चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर वाद घालायलाही काही मिळाले नसते.

शिवाय जोड-औषधाची चाचणी यापेक्षा सोपी आहे, हे फारसे कोणी बोलत नाही. इथे कोणालाही पेशींपासून वंचित ठेवायचे नसते. पेशी सगळ्यांनाच मिळतात. चिठ्ठी फक्त एवढेच ठरवते की गोळी खरी की साखरेची. रुग्णाला आणि डॉक्टरला ती कोणती हे कळणार नाही अशी व्यवस्थाही करता येते. पेशींच्या बाबतीत ती जवळजवळ अशक्य असते.

मग रुग्ण किती लागतील? हिशेब अकरावी-बारावीच्या सांख्यिकीतला आहे. औषधाने पूर्ण उतार ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर जातो का हे ८० टक्के खात्रीने पकडायचे तर प्रत्येक गटात सुमारे ३८५ रुग्ण हवेत. हे खरेच अवघड. पण ३० चे ६० होतात का, हे पाहायला प्रत्येक गटात चाळीसएक पुरतात. ज्यांचा दावा ‘दुप्पट’चा आहे त्यांना मोठी चाचणी लागतच नाही. आणि ज्यांचा फरक इतका लहान आहे की ३८५ लागावेत, त्यांनी एकोणीस रुग्णांवरून काही सांगूच नये.

आपल्याकडे हा प्रश्न कसा उभा राहतो? नेक्सकार-१९ च्या चाचणीचा अहवाल २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आला. ६४ जणांना पेशी दिल्या गेल्या. परिणाम मोजता आलेल्या ५१ जणांपैकी ७३ टक्क्यांत प्रतिसाद मिळाला. ही चाचणीही एकाच गटाची होती, पण तिचा हेतू वेगळा होता. देशी पेशी सुरक्षित आहेत का आणि चालतात का, याचे उत्तर त्यातून मिळाले. सुरुवातीला किंमत चाळीस लाख रुपयांच्या आसपास सांगितली गेली. अमेरिकेतील उपचारांची तीन कोटींच्या वर जाते. चाळीस लाख ही रक्कमही किती घरांच्या आवाक्यात आहे हे वाचकांना सांगायला नको. त्यावर महिनोन्महिने घ्यायच्या आणखी एका गोळीचा खर्च चढणार असेल, तर तिचा उपयोग आहे की नाही हे आधी माहीत असणे ही नुसती शास्त्रीय हौस राहत नाही.

सीएलएल हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने बराच कमी. आपले कार-टी रुग्ण मुख्यतः तीव्र ल्युकेमियाचे आणि लिम्फोमाचे. त्यामुळे इब्रुटिनिबचे आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. दुसऱ्या बाजूला डासाटिनिब, लेनालिडोमाइड यांसारखी औषधे भारतीय कंपन्याच तयार करतात आणि पेशीही आता इथेच बनतात. म्हणजे पेशी एकाची, औषध दुसऱ्याचे ही परदेशातली अडचण इथे तितकीशी आड येऊ नये. मुंबईच्या चाचणीत पेशी घेणारे ६४ होते. ‘दुप्पट’चा दावा तपासायला दोन्ही गट मिळून ८० लागतील.